रिपोर्टवर ‘एस’, छातीत तोच जंतू

थुंकीच्या कल्चरचा, म्हणजे थुंकीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट घेऊन एक आई आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी परत आली. मुलगा अकरा वर्षांचा, सिस्टिक फायब्रोसिस असलेला. कागदावर स्युडोमोनास एरुजिनोसा हे जंतूचं नाव, त्याखाली औषधांची उभी यादी आणि जवळजवळ प्रत्येक औषधापुढे ‘एस’ हे अक्षर. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, या औषधाने हा जंतू मरतो. ती म्हणाली, “ताई, मागच्या वेळीही सगळीकडे एसच होतं. चौदा दिवस शिरेतून औषध दिलं. ताप गेला, खोकला उतरला, पोरगं शाळेत जायला लागलं. आणि आता पुन्हा हाच जंतू. औषधानं मरतो असं तुम्हीच लिहिता, मग तो मेला का नाही?”

तिच्यामागे रांग होती. खिडकीतून जे दोन शब्द सांगितले ते अपुरे होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पूर्ण उत्तर इथे लिहिते आहे.

रिपोर्ट खोटा नव्हता. औषध बनावट नव्हतं आणि आईने एकही डोस चुकवला नव्हता. हा जंतू सुटासुटा सापडला तर त्या औषधाने मरतो, हे अगदी खरं आहे. पण या मुलांच्या छातीत तो सुटा नसतो. तो जमाव करून, स्वतःभोवती चिकट कोट बांधून राहतो. त्या वस्तीला बायोफिल्म म्हणतात, आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या उपचारातली निम्मी लढाई या कोटाशी असते.

कोट बांधायला जागा कशी मिळते, ते आधी पाहू. सिस्टिक फायब्रोसिस, म्हणजे सीएफ, हा जन्मजात आजार आहे. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचा जनुक असतो. १९८९ साली टोरांटोचे लाप-ची त्सुई व जॉन रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या चमूंनी तो शोधून काढला. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा त्याच्या दोन प्रती आपल्याला मिळतात. दोन्ही बिघडलेल्या निघाल्या तरच आजार होतो. एक जरी धड असेल तर माणूस ठणठणीत राहतो, त्यामुळे आईवडिलांना आपल्यात काही आहे याचा पत्ताच नसतो. म्हणजे दोघांकडूनही सारखंच आलेलं असतं. तरी आपल्याकडे बोट आईकडेच वळतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

हा जनुक पेशीच्या भिंतीत एक दार बसवतो. त्या दारातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट ये-जा करतात. घामाच्या ग्रंथीत दार बंद पडलं की घामातलं मीठ शरीरात परत घेतलं जात नाही, म्हणून या मुलांचा पापा घेतला तर तो खारट लागतो. निदानाची घामचाचणी याच खारटपणावर उभी आहे. घामातलं क्लोराइड लिटरला ६० मिलिमोलच्या वर गेलं की सीएफचा संशय पक्का होत जातो. श्वासनलिकेत मात्र गोष्ट उलटी होते. तिथे दार बंद पडलं की आतल्या अस्तरावरचा पाण्याचा पातळ थर आटतो. एरवी या थरावर कफ तरंगत असतो आणि खालचे बारीक केस तो वल्हवत घशाकडे नेत असतात. धूळ, जंतू, परागकण सगळं त्यात चिकटून वर येतं आणि आपण ते नकळत गिळून टाकतो. सीएफमध्ये तो कफ वाळत आलेल्या डिंकासारखा घट्ट होऊन तिथेच बसून राहतो. केस वल्हवतात, पण ओझं हलत नाही.

अशा साचलेल्या कफात जंतू येतात आणि राहतात. लहानपणी बहुधा स्टॅफिलोकॉकस आणि हिमोफिलस, मग कधीतरी स्युडोमोनास. हा पाण्यातला, मातीतला, बेसिनच्या तोंडाशी राहणारा जंतू. तुमच्या-माझ्या श्वासातून तो आत जातो आणि बाहेरही पडतो, आपल्याला काही होत नाही.

प्रयोगशाळेत हा जंतू मला वासावरून ओळखू येतो. उबदार पेटीतून जंतू वाढवलेली प्लेट बाहेर काढून झाकण जरासं उचकटलं की पिकलेल्या द्राक्षांचा गोडसर वास येतो. प्लेटवर हिरवट झाक असते. पहिल्यांदा लागण झालेल्या मुलाच्या थुंकीतून येणाऱ्या वसाहती चपट्या, कोरड्यासर, कडेने विस्कटलेल्या दिसतात. वर्षानुवर्षं लागण असलेल्या मुलाची प्लेट वेगळी. तिच्यावर फुगलेले, पाणीदार, चकाकणारे थेंब असतात. तारेच्या कडीने उचलायला जावं तर लाडवाच्या पाकासारखी तार येते. प्लेट आम्ही पालथी ठेवतो, तर कधीकधी तो चिकटा ओघळून झाकणाला लागलेला असतो. जंतू तोच आहे, पण एका जनुकात बदल होऊन त्याचा ब्रेक गेलेला आहे आणि तो अल्जिनेट नावाची साखरेच्या साखळ्यांची खळ अखंड बनवत सुटला आहे. अशा वेळी आम्ही रिपोर्टवर ‘म्युकॉइड’ असं लिहितो. लोक एस आणि आर (आर म्हणजे रेझिस्टंट, औषधाला न बधणारा) मोजत बसतात, पण माझ्या मते त्या कागदावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच.

बायोफिल्म तुम्ही पाहिलेली आहे, फक्त या नावाने नाही. मोरीच्या जाळीखालचा बुळबुळीत थर ती आहे. माठ आठवडाभर घासला नाही आणि आतून बोटं फिरवली तर जो गिळगिळीत स्पर्श होतो, तीही तीच. नुसतं पाणी ओतून तो थर जात नाही, घासावाच लागतो. सकाळी दातांवर जीभ फिरवल्यावर लागणारा थर, तोही याच जातीचा. सतराव्या शतकात हॉलंडच्या लेव्हेनहूकने आपल्याच दातांवरचा थर खरवडून भिंगाखाली पाहिला होता. व्हिनेगरने दात धुतल्यावर फक्त बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले वाचले, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्या आईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आलं होतं. छातीच्या बाबतीत ते समजायला १९७० चं दशक उजाडलं. कोपनहेगनचे डॉक्टर नील्स होयबी यांना सीएफ रुग्णांच्या थुंकीत स्युडोमोनास सुटे न दिसता चिकट्यात गुरफटलेल्या पुंजक्यांनी दिसले.

छातीतली बायोफिल्म मात्र मोरीतल्यासारखी भिंतीला चिकटलेली नसते. ती कफाच्या आतच लहान-लहान गोळ्यांनी असते. साबुदाण्याच्या खिरीतले दाणे डोळ्यांसमोर आणा, फक्त हे दाणे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील इतके बारीक. प्रत्येक दाण्याभोवती शरीराच्या पांढऱ्या पेशींचा वेढा पडलेला असतो. त्या पेशी जंतूंना गिळू पाहतात, पण अख्खा गोळा तोंडात मावत नाही. चिडून त्या आपली जंतुनाशक रसायनं बाहेर ओततात. त्या रसायनांनी जंतूंपेक्षा फुप्फुसाचंच जास्त नुकसान होतं. मग पेशी मरतात, फुटतात, आणि त्यांच्यातले डीएनएचे लांबलचक धागे कफात मिसळून तो आणखी चिवट होतो. आपलेच मेलेले शिपाई शत्रूच्या तटाला माती पुरवतात.

आता औषधाचं काय होतं ते. औषध आत शिरतच नाही असं बऱ्याचदा सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. टोब्रामायसिनसारखी औषधं चिकट्यातल्या अल्जिनेटला आणि डीएनएला वाटेतच चिकटतात आणि आत उशिरा पोचतात. पण बरीचशी औषधं आत जातात. खरी अडचण पुढे आहे. गोळ्याच्या आत प्राणवायू जवळजवळ नसतो, कारण बाहेरच्या पांढऱ्या पेशी तो संपवून टाकतात. तिथले जंतू उपाशी, मंद, जवळजवळ थांबल्यासारखे जगत असतात. आणि आपली बहुतेक प्रतिजैविकं चालत्या कारखान्यावर घाव घालतात. भिंत बांधली जात असेल तर ती बिघडवायची, प्रथिनं बनत असतील तर ती चुकवायची. कारखानाच बंद असेल तर घाव कुठे घालणार? टोब्रामायसिनला तर जंतूच्या आत शिरायलाही प्राणवायूवर चालणारी यंत्रणा लागते. शिवाय प्रत्येक वस्तीत थोडे जंतू असे असतात की ते पूर्ण गाढ झोपलेले असतात. औषध चालू असताना ते काहीच करत नाहीत. औषध थांबलं की उठतात आणि वस्ती पुन्हा भरते.

म्हणून चौदा दिवसांनी मुलगा बरा झाला होता. बाहेरचे, सुटे, वाढणारे जंतू मेले, सूज उतरली, ताप गेला. आतले राहिले.

आणि आमची चाचणी? तिच्यात आम्ही जंतू भरपूर अन्नावर, मोकळ्या हवेत, एका रात्रीत वाढवतो आणि त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतो. तिथे ते सगळे जागे, सुटे आणि घाईत असतात. बायोफिल्ममध्ये त्याच जंतूला मारायला शंभर ते हजार पट औषध लागू शकतं, आणि तेवढं शिरेतून दिलं तर आधी मूत्रपिंडं आणि कान जातील. मग चाचणीच बायोफिल्मवर का करत नाही, असं कोणी विचारेल. तशी पद्धत बसवून पाहिली गेली आहे. तिच्यावरून औषध निवडलं म्हणून रुग्ण जास्त बरे झाले, असं चाचण्यांत दिसलं नाही. ‘एस’चा अर्थ एवढाच घ्यायचा की हे औषध वापरण्याजोगं आहे. जंतू संपेल, असं ते अक्षर म्हणत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात मोठं शहाणपण कोपनहेगनहून आलं, आणि ते औषधापेक्षा वेळेचं आहे. कोट बांधून व्हायच्या आत गाठायचं. तिथे सीएफच्या मुलांना दर महिन्याला बोलावून थुंकी तपासत. स्युडोमोनास पहिल्यांदा दिसला की मूल खेळतं-बागडतं असलं तरी लगेच वाफेतून, म्हणजे नेब्युलायझर यंत्राने औषधाचा बारीक फवारा करून, कोलिस्टिन आणि तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं सुरू करत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २६ रुग्ण होते. उपचार घेतलेल्या १४ पैकी २ जणांत लागण कायमची झाली, न घेतलेल्या १२ पैकी ७ जणांत. आकडा लहान आहे, पण जगभरच्या उपचाराची दिशा त्याने बदलली. आज पहिल्या लागणीनंतर टोब्रामायसिनची वाफ २८ दिवस देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणून मूल बरं दिसत असतानाही तीन महिन्यांनी थुंकी तपासायला बोलावतात, तेव्हा ती खेप चुकवू नका. लहान मुलांना थुंकी काढून दाखवता येत नाही, त्यांना खोकायला लावून घशातून कापसाच्या काडीने नमुना घेतात. त्याच शहाणपणाची दुसरी बाजू कठोर आहे. एका रुग्णाचा चिवट जंतू दुसऱ्याला लागतो, म्हणून सीएफच्या दोन मुलांनी जवळ बसायचं नाही, एका वॉर्डात राहायचं नाही. ज्याला आपलं दुखणं सगळ्यात जास्त कळेल, त्याच मित्रापासून लांब राहायचं. हे मुलांना समजावताना मोठमोठ्या डॉक्टरांचे डोळे भरून येतात.

कोट उभा राहिलाच, तर औषध थेट तिथे न्यावं लागतं. वाफेतून टोब्रामायसिन, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस चालू आणि २८ दिवस बंद. अमेरिकेत याला १९९७ साली मान्यता मिळाली. वाफेतून कफात जितकं औषध साठतं तितकं शिरेतून देताच येत नाही, आणि रक्तात फारच थोडं उतरल्यामुळे कान-मूत्रपिंडं सांभाळली जातात. ५२० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत श्वासाची ताकद वाढली, दवाखान्यात भरती होणं कमी झालं. बायोफिल्म संपली का? नाही. जंतूंची संख्या खाली दाबून ठेवली गेली, आणि या आजारात त्याचा अर्थ मुलाला मिळालेली वर्षं असा होतो.

औषधाइतकंच महत्त्वाचं काम कोट सैल करण्याचं. १९९३ साली डॉर्नेज अल्फा हे औषध आलं. ते मेलेल्या पेशींच्या डीएनएचे धागे कात्रीसारखे कापतं आणि कफ पातळ होतो. इथे एक सावधगिरी आहे. क्षयानंतर किंवा इतर कारणांनी श्वासनलिका रुंदावलेल्या, म्हणजे ब्राँकिएक्टेसिसच्या, रुग्णांचा कफही असाच दिसतो. पण सीएफ नसलेल्या अशा रुग्णांना हे औषध दिल्यावर अपाय झाल्याचं चाचणीत दिसलं आहे. शेजारच्या मुलाला लागू पडलं म्हणून आपल्या काकांना द्यायचं औषध हे नव्हे.

दुसरा उपाय तर मिठाच्या पाण्याचा. ऑस्ट्रेलियात डॉक्टरांच्या लक्षात आलं की समुद्राच्या लाटांवर फळीवरून खेळणारे सीएफ रुग्ण इतरांपेक्षा बरे राहतात. त्यावरून ७ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ देऊन पाहिली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १६४ रुग्णांच्या चाचणीत ही वाफ घेणाऱ्यांमध्ये छाती बिघडण्याचे प्रसंग निम्म्याहून कमी झाले. मीठ पाणी ओढतं, अस्तरावरचा आटलेला थर थोडा वेळ परत येतो, केसांना वल्हवायला पाणी मिळतं. काही मुलांना या वाफेने छाती आवळते, म्हणून आधी श्वासनलिका उघडणारं औषध द्यायचं. आणि हे पाणी घरात मीठ कालवून करायचं नाही. ते निर्जंतुक, मोजून बनवलेलंच हवं.

अझिथ्रोमायसिनची गोष्ट मला फार आवडते. हे प्रतिजैविक असूनही स्युडोमोनासला त्या अर्थाने मारतच नाही. आमच्या प्लेटवर ते ठेवण्यातही अर्थ नाही. तरी आठवड्यातून तीनदा दिल्यावर रुग्णांची छाती सुधारली, २००३ च्या चाचणीत ते स्पष्ट दिसलं. ते सूज कमी करतं. शिवाय जंतू एकमेकांना रासायनिक निरोप पाठवून ‘आता आपण पुरेसे जमलो, कोट बांधू’ असं ठरवतात, त्या निरोपांत ते खोडा घालतं. निरोप तोडण्याच्या याच कल्पनेने लसणावरही काम झालं, कारण लसणातल्या द्रव्यांचा तसा परिणाम प्रयोगशाळेत दिसला होता. पण सीएफ रुग्णांवर केलेल्या छोट्या चाचणीत ठळक फायदा दिसला नाही. लसूण फोडणीत घाला, औषधाच्या जागी नको.

मग २०१९ साल आलं. तीन रेणू एकत्र असलेलं ट्रायकाफ्टा हे औषध अमेरिकेत मंजूर झालं. ते जंतूंना हातच लावत नाही. ते बिघडलेलं दारच बऱ्यापैकी दुरुस्त करतं. पाण्याचा थर परततो, कफ सुटतो. औषध सुरू केल्यावर दिवसा-दोन दिवसांत ढीगभर कफ बाहेर पडल्याचं अनेक रुग्ण सांगतात. स्युडोमोनासची संख्याही झपाट्याने खाली येते. पण ज्यांच्या छातीत वस्ती जुनी आहे, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत तोच जंतू, कमी संख्येने, टिकून राहिलेला आढळतो. रुंदावलेल्या श्वासनलिकेचे खळगे औषधाने बुजत नाहीत आणि वस्तीला आसरा राहतो. म्हणून बायोफिल्मचं काम अजून संपलेलं नाही.

आपल्याकडे तर ते आणखीच उरलेलं आहे. मंजुरीच्या वेळी त्या औषधाची अमेरिकेतली किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर होती. ते मुख्यतः एफ५०८डेल या बिघाडासाठी घडवलेलं आहे. हा बिघाड युरोपीय वंशाच्या बहुसंख्य रुग्णांत असतो, भारतीय रुग्णांत त्याचं प्रमाण बरंच कमी आहे. आणि त्याआधी निदानच व्हायला हवं. हा गोऱ्या लोकांचा आजार, असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. वारंवार खोकणारं, वजन न धरणारं, तेलकट शी करणारं मूल आपल्याकडे न्यूमोनिया, दमा किंवा टीबी म्हणून फिरत राहतं. निदान होईपर्यंत आमच्या प्लेटवर तो पाकासारखा चिकटा आलेला असतो, आणि त्या दिवशी लवकर गाठण्याची वेळ निघून गेलेली असते. याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण घामचाचणी काही अवघड नाही.

पुढचं संशोधन बरंच चालू आहे, त्यातलं एकच सांगते. जंतूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. १८९६ साली आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, असं नोंदवलं होतं. आज त्याचा संबंध फाजशी जोडला जातो. लंडनमध्ये सीएफ असलेल्या, फुप्फुसं बदललेल्या १५ वर्षांच्या मुलीच्या शरीरभर औषधांना न बधणारा मायकोबॅक्टेरियम, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या कुळातला एक जंतू, पसरला होता. पिट्सबर्गच्या ग्रॅहॅम हॅटफुल यांच्या संग्रहातले तीन फाज तिला दिले आणि तिच्या जखमा भरू लागल्या. त्यातला एक फाज दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये सडक्या वांग्याला लागलेल्या मातीत सापडला होता. स्युडोमोनासवर वाफेतून फाज देण्याचे प्रयोगही चालू आहेत. काही फाज आपल्याबरोबर कोट विरघळवणारी विकरं आणतात, म्हणून त्यांच्याकडून आशा आहे. पण ते अजून रोजच्या उपचारात आलेले नाहीत.

त्या आईला मी अखेर दुसऱ्या दिवशी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मी रोज काय नीट करू?” फिजिओथेरपिस्टने सांगितलेला क्रम मोडू नका, म्हटलं. आधी श्वासनलिका उघडणारं औषध, मग मिठाची वाफ, मग छातीचा व्यायाम आणि कफ काढणं, आणि प्रतिजैविकाची वाफ सगळ्यात शेवटी, मोकळ्या झालेल्या वाटेवर. उलट केलं तर महागडं औषध कफावर बसतं आणि खोकल्यासरशी बाहेर पडतं. डॉर्नेज कधी घ्यायचं ते डॉक्टर सांगतील तसं. आणि नेब्युलायझरचा कप प्रत्येक वेळी सुटा करून साबणाने धुवायचा, उकळता येणारा असेल तर पाच मिनिटं उकळायचा, स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओला कप डबीत बंद करून ठेवला तर रात्रीत त्यातच बुळबुळीत थर धरायला सुरुवात होते. ती म्हणाली, “मी तो बेसिनच्या कट्ट्यावरच वाळवते.” मी म्हटलं, तिथून आजच हलवा.